व्याख्यानाची मालकी आणि प्रतीची किंमत : प्राध्यापकनिर्मित अभ्याससाहित्याच्या विक्रीचा इतिहास

१

विद्यापीठातील अध्यापक आपल्या अध्यापनासाठी जे साहित्य तयार करतो, म्हणजे व्याख्यानांची टिपणे, विषयाचे सारांश, प्रश्नसंग्रह, प्रात्यक्षिकांच्या पुस्तिका, निवडक उताऱ्यांची संकलने इत्यादी, ते विद्यार्थ्यांना विकले जावे काय, आणि विकले जावयाचे असेल तर कोणी विकावे, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रात पुनःपुन्हा उपस्थित होतो. त्याची चर्चा बहुधा नीतीच्या अंगाने केली जाते. एक पक्ष म्हणतो, अध्यापकाच्या श्रमाचे मोल त्याला मिळाले पाहिजे. दुसरा म्हणतो, त्या श्रमाचे मोल वेतनाच्या रूपाने त्यास अगोदरच मिळालेले असते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहावयाचे योजिले आहे. तसे पाहिले असता असे दिसून येते की, या एका प्रश्नाच्या पोटात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला मालकीचा : वर्गात उच्चारलेला अथवा वर्गासाठी लिहिलेला शब्द कोणाचा? अध्यापकाचा, संस्थेचा, की शुल्क भरून तो ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा? दुसरा किमतीचा : त्या शब्दाची प्रत विद्यार्थ्याला घ्यावीच लागत असेल, तर तिची किंमत कोणी ठरवावी आणि ती प्रत शुद्ध आहे याची हमी कोणी घ्यावी? मध्ययुगीन विद्यापीठांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तपशीलवार नियम करून दिले होते. पहिला प्रश्न त्यांना फारसा पडलाच नाही. अर्वाचीन न्यायालयांनी पहिल्या प्रश्नाचा निर्णय दोनशे वर्षे खपून लावला. दुसरा त्यांच्यापुढे क्वचितच आला. मालकी सिद्ध झाली म्हणजे किमतीचाही निकाल लागला, असा एक समज यामुळे रूढ झाला आहे. तो समज निराधार आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

विद्या विकावी की नाही, हा प्रश्न विद्यापीठांहूनही प्राचीन आहे. आपल्याकडे मनुस्मृतीने वेतन घेऊन शिकविणारा आणि वेतन देऊन शिकणारा या दोघांनाही श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरविले आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही, केवळ उपजीविकेसाठी शास्त्र बाळगणाऱ्यास ज्ञानाचा व्यापारी म्हणून हिणविलेले आढळते. युरोपातील धर्मशास्त्रज्ञांनी हाच विचार निराळ्या भाषेत मांडला. ज्ञान ही ईश्वराची देणगी आहे, म्हणून ती विकता येत नाही, असे सूत्र तेथे प्रचलित होते. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने असा नियम केला की, प्रत्येक कॅथीड्रलने पुरोहितवर्गास व गरीब विद्यार्थ्यांस विनामूल्य शिकविणाऱ्या अध्यापकाच्या निर्वाहाची सोय करावी, आणि शिकविण्याचा परवाना देताना कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत.

परंतु नियम आणि निर्वाह यांचा मेळ घालणे दोन्हीकडच्या शास्त्रकारांस भाग पडले. युरोपातील धर्मशास्त्रज्ञांनी यातून असा मार्ग काढला की, अध्यापक ज्ञान विकत नाही. तो आपल्या श्रमाचा मोबदला घेतो. हा भेद वरवर पाहता शब्दच्छल वाटेल. तथापि पुढील सर्व इतिहासाची किल्ली त्यात आहे. मोबदला श्रमाचा असेल, तर तो श्रमाच्या प्रमाणात असावयास हवा. आणि प्रमाण ठरवावयाचे म्हटले की ते ठरविणारा विकणाऱ्याहून वेगळा असावा लागतो.

बोलोन्या येथील कायद्याच्या अध्यापकांना तेराव्या शतकात प्रामुख्याने विद्यार्थ्यांनी वर्गणी करून दिलेल्या रकमेवर अवलंबून राहावे लागे. १२६५ साली निवर्तलेला तेथील विख्यात अध्यापक ओडोफ्रेडस याने वर्षाच्या अखेरीस आपल्या श्रोत्यांस स्पष्टच सांगून टाकले की, पुढील वर्षी आपण नेमून दिलेली व्याख्याने तेवढी देऊ. जादा व्याख्याने देणार नाही, कारण विद्यार्थ्यांना विद्या हवी असते, पण पैसे द्यावयास नको असतात. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यामधील देण्याघेण्याची कुरकुर किती जुनी आहे, हे यावरून कळून येईल.

३

मुद्रणकलेच्या पूर्वी विद्यार्थ्यापुढे खरी अडचण पुस्तकाची होती. हस्तलिखित ग्रंथ महाग असे आणि त्याची नक्कल करताना चुका शिरत. या अडचणीवर विद्यापीठांनी शोधून काढलेला उपाय ‘पेचिया’ या नावाने ओळखला जातो. ‘पेचिया’ म्हणजे तुकडा. ग्रंथाची एक तपासलेली आदर्शप्रत न बांधता सुट्या तुकड्यांच्या स्वरूपात ठेवण्यात येई. असा एक तुकडा बहुधा चार पानांचा, म्हणजे आठ पृष्ठांचा असे. विद्यार्थी किंवा त्याचा लेखनिक एक तुकडा भाड्याने नेई, त्याची नक्कल करी, तो परत करून पुढचा नेई. त्यामुळे एकाच ग्रंथाची नक्कल एकाच वेळी अनेकांना करता येई, आणि प्रत्येक प्रत आदर्शावरूनच उतरली जाई.

हे तुकडे भाड्याने देणाऱ्या दुकानदारास लॅटिनमध्ये ‘स्टेशनारियस’ म्हणत. फिरत्या विक्रेत्याहून तो निराळा, म्हणजे एका जागी बसून धंदा करणारा होता. आज आपण लेखनसामग्रीस ‘स्टेशनरी’ म्हणतो, तो शब्द याच दुकानदाराच्या नावावरून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आला. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, हा दुकानदार स्वतंत्र व्यापारी नव्हता. तो विद्यापीठापुढे शपथ घेऊन बांधलेला होता.

१२२८ साली काही विद्यार्थी व अध्यापक पाडुआ सोडून व्हेर्चेली या गावी जाण्यास निघाले, तेव्हा त्यांनी त्या नगराशी एक करार केला. त्या करारात नगराने दोन ‘आदर्शधारक’ ठेवावेत, त्यांच्याजवळ कायद्याच्या दोन्ही शाखांच्या व धर्मशास्त्राच्या शुद्ध आदर्शप्रती असाव्यात, आणि विद्यार्थ्यांनी त्यांना द्यावयाचा आकार विद्यापीठाच्या रेक्टरांनी ठरवावा, असे कलम घालण्यात आले. शुद्धता आणि किंमत या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात जोडल्या गेल्या, हे या कलमाचे वैशिष्ट्य होय. पॅरिस विद्यापीठाने १२७५ साली पुस्तकविक्रेत्यांना शपथेने बांधून घेतले. १३०४ साली तेथे तयार झालेल्या यादीत प्रत्येक ग्रंथाचे तुकडे किती व त्यांचे भाडे किती हे नोंदलेले आहे. तीस वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या टॉमस अक्वायनसचे ग्रंथही त्या यादीत आहेत. अक्वायनसच्या लेखनापैकी काही भाग पॅरिसमधील त्याच्या अध्यापनाशी निगडित होता. म्हणजे प्राध्यापकाने अध्यापनाच्या निमित्ताने निर्माण केलेले साहित्य विद्यापीठाने ठरविलेल्या दराने विद्यार्थ्यांस मिळत होते.

बोलोन्याने याही पुढचे पाऊल टाकले. तेथे आदर्शप्रती तपासण्यासाठी सहा परीक्षक निवडण्यात येत. त्यांना ‘पेचियारी’ म्हणत. शिवाय, एखाद्या अध्यापकाने जाहीर वादचर्चा घेतली की तिचा मजकूर त्याने ठराविक मुदतीत विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडे सुपूर्द करावा, असा नियम होता, जेणेकरून त्याच्या प्रती सर्वांस उपलब्ध व्हाव्यात. यात अध्यापकाच्या स्वामित्वाचा उल्लेख नाही. त्याच्या कर्तव्याचा मात्र आहे.

ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. ज्या विद्यार्थ्यांना भाडेही परवडत नसे ते वर्गातच सर्व उतरून घेऊ पाहत आणि अध्यापकाने सावकाश, शब्द न् शब्द सांगावा असा आग्रह धरीत. पॅरिसच्या कलाशाखेने १३५५ साली या प्रथेविरुद्ध नियम केला : समोर कोणी लिहून घेत नाही असे समजून अध्यापकाने ओघवते बोलावे. या नियमाला विरोध म्हणून जे विद्यार्थी आरडाओरडा करतील किंवा दगड फेकतील त्यांना वर्षभर वर्गातून काढून टाकावे, अशी शिक्षाही त्यात सांगितली होती. नियमात दगडांचा उल्लेख करावा लागला, यावरून टिपणांची गरज किती तीव्र होती याची कल्पना येते.

४

मुद्रणकला आली आणि ‘पेचिया’ची पद्धत लयास गेली. पुस्तके स्वस्त झाली, आणि किमतीचा प्रश्न बाजाराकडे गेला. परंतु एक वस्तू छापली न जाता तशीच राहिली. ती म्हणजे प्राध्यापकाचे व्याख्यान. ते न छापण्यामागे आर्थिक कारण होते, आणि ते स्कॉटलंडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील प्राध्यापकास अल्प वेतन मिळे. उरलेली प्राप्ती वर्गात बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्यक्ष त्याच्या हाती दिलेल्या शुल्कातून होई. अॅडम स्मिथ १७५१ ते १७६४ या काळात ग्लासगो येथे प्राध्यापक होता. १७६४ च्या जानेवारीत वर्ष अर्ध्यावर असताना त्याला पद सोडावे लागले, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांचे शुल्क परत केले. विद्यार्थी घेईनात, तरी आग्रहाने परत केले. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात त्याने या पद्धतीचे समर्थन केले आणि ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांना निश्चित वेतनामुळे शिकविण्याची गरजच उरलेली नाही, अशी टीका केली.

आता, ज्याची प्राप्ती वर्गातील डोक्यांवर अवलंबून आहे आणि जो तीच व्याख्याने वर्षानुवर्षे देतो, त्याची व्याख्याने छापून बाजारात आली तर त्याच्या वर्गात कोण बसणार? स्मिथला आपल्या व्याख्यानांची टिपणे घेतलेली आवडत नसत. १७९० साली मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने आपली बहुतेक हस्तलिखिते मित्रांकरवी जाळवून टाकली. तरीही त्याची न्यायशास्त्रावरील व्याख्याने आज आपणास ठाऊक आहेत, ती विद्यार्थ्यांनी केलेल्या टिपणांमुळे. त्यांपैकी एक प्रत एडविन कॅनन याने १८९६ साली प्रसिद्ध केली. दुसरी १९५८ साली सापडली. अध्यापकाला जे नकोसे होते त्यानेच त्याचे विचार रक्षिले, हा या इतिहासातील एक मोठा विरोधाभास होय.

एडिंबरो येथील वैद्यकाचा प्राध्यापक विल्यम कलेन याचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. त्याने दिलेली औषधद्रव्यांवरील व्याख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १७७२ च्या सुमारास त्याच्या परवानगीवाचून छापली गेली. त्याने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला. पण पुढे नफ्यात वाटा घेऊन त्या पुस्तकाच्या विक्रीस संमती दिली. स्वतःचा सुधारलेला ग्रंथ त्याने १७८९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्ञानाची विक्री होऊ नये या भूमिकेपासून विक्रीत आपला भाग असावा या भूमिकेपर्यंतचे अंतर किती थोडे असते, हे कलेनच्या उदाहरणावरून दिसते.

५

मालकीचा प्रश्न सर्वांगांनी न्यायालयापुढे आला तो लंडनमध्ये. १८२३ च्या ऑक्टोबरात टॉमस वेकली याने ‘द लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक काढले आणि त्यात लंडनच्या रुग्णालयांतील नामांकित शल्यवैद्यांची व्याख्याने लघुलेखकांकरवी उतरवून छापावयास आरंभ केला. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जॉन अॅबरनेथी याने त्याविरुद्ध चॅन्सरी न्यायालयात धाव घेतली.

वेकलीचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. शल्यवैद्याचा परवाना देणारी संस्था म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स. परीक्षेला बसू इच्छिणाऱ्याने मान्यताप्राप्त अध्यापकांच्या व्याख्यानांना शुल्क देऊन हजेरी लावल्याचा दाखला आणावा, असा तिचा नियम होता. आणि अॅबरनेथी स्वतः त्या संस्थेच्या परीक्षक मंडळावर होता. म्हणजे वस्तू विकणारा, ती वस्तू घेतलीच पाहिजे असा नियम करणारा आणि घेणाऱ्याची परीक्षा पाहणारा हे तिघे एकच झाले होते. वेकलीने बोट ठेवले ते या गोष्टीवर.

न्यायालयापुढे मात्र हा मुद्दा नव्हता. लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांना तोंडी उच्चारलेल्या शब्दांत मालमत्तेचा हक्क उत्पन्न होतो असे म्हणणे अवघड वाटले. प्रथम त्यांनी मनाई हुकूम देण्याचे नाकारले. १८२५ च्या जूनमध्ये त्यांनी तो दिला, पण निराळ्या आधारावर : शुल्क भरून व्याख्यानास बसणारा विद्यार्थी आपल्या उपयोगासाठी टिपणे घेऊ शकतो, परंतु ती नफ्यासाठी प्रसिद्ध करणार नाही, असा करार त्या संबंधातच गर्भित असतो. विद्यार्थ्याने हा विश्वास मोडून दिलेली टिपणे छापणाराही दोषी ठरतो.

यानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १८३५ साली व्याख्यानांचा कायदा केला. व्याख्यात्यास व्याख्यान छापण्याचा एकट्याचा हक्क मिळाला. पण त्यासाठी व्याख्यानाच्या किमान दोन दिवस आधी, पाच मैलांच्या आत राहणाऱ्या दोन मॅजिस्ट्रेटांना लेखी सूचना देण्याची अट होती. विद्यापीठे, सार्वजनिक शाळा व धर्मादाय देणग्यांवर चालणाऱ्या संस्था यांतील व्याख्याने या कायद्यातून वगळली होती. त्यांच्याबाबत पूर्वीचीच स्थिती कायम राहिली. ज्यांच्यासाठी कायद्याची गरज अधिक होती तेच नेमके बाहेर राहिले.

ही उणीव भरून निघाली ती ग्लासगो येथील नीतिशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड केर्ड यांच्या खटल्याने. साइम नावाच्या पुस्तकविक्रेत्याने केर्ड यांची व्याख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून छापून विकण्यास काढली. विक्रेत्याचा युक्तिवाद असा की, विद्यापीठाचा प्राध्यापक हा सार्वजनिक अधिकारी आहे. शुल्क भरणाऱ्या कोणासही त्याच्या वर्गाचे दार मोकळे आहे. म्हणून त्याचे व्याख्यान हे जनतेपुढे झालेले प्रकाशनच होय. स्कॉटलंडच्या न्यायालयाने हा युक्तिवाद मानला. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८७ साली तो निर्णय फिरविला. वर्ग म्हणजे जनता नव्हे. विद्यार्थ्याला शिकण्याचा हक्क मिळतो, छापण्याचा नव्हे, असे ठरले. लॉर्ड फिट्झजेरल्ड यांनी मात्र या निर्णयाशी असहमती नोंदविली. असे असले तरी बहुमताचा निर्णयच पुढील काळात आधारभूत झाला.

या दोन्ही खटल्यांचे फलित नीट तपासावे. न्यायालयांनी अध्यापकाला दिला तो प्रामुख्याने निषेधाचा हक्क : माझे व्याख्यान दुसऱ्याने विकू नये. मी ते माझ्याच विद्यार्थ्यांना, मी ठरवीन त्या किमतीस, घेणे भाग पाडून विकावे की काय, याविषयी न्यायालयांनी काहीच म्हटले नाही. तसे त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

६

विसाव्या शतकात वादातील पक्ष बदलले. आता प्रश्न अध्यापक आणि संस्था यांच्यातील होता. १९११ च्या ब्रिटिश कायद्याने व्याख्यानांस सर्वसाधारण स्वामित्वहक्काच्या कक्षेत घेतले, आणि १९१४ च्या कायद्याने तोच कायदा काही फेरफारांनिशी हिंदुस्थानास लागू झाला. १९१६ साली लंडन विद्यापीठाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकांविषयी एक खटला चालला. त्यात असे ठरले की, प्रश्नपत्रिका ही स्वामित्वहक्कास पात्र अशी कृती आहे, आणि परीक्षक हे विद्यापीठाचे नोकर नसल्यामुळे तो हक्क मुळात परीक्षकांचा आहे. विद्यापीठास तो हवा असेल तर कराराने घ्यावा लागतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस येथील शाखेतील मानवशास्त्राच्या एका अध्यापकाने व्यावसायिक टिपणविक्रेत्यावर खटला भरला. विक्रेत्याने पगार देऊन एका विद्यार्थिनीस वर्गात बसविले होते आणि तिने घेतलेली टिपणे तो विकत असे. हक्क असलाच तर तो विद्यापीठाचा आहे, अध्यापकाचा नव्हे, असा बचाव विक्रेत्याने केला. १९६९ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. व्याख्याने संस्थेच्या मालकीची मानली तर अध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर त्याला आपलाच विषय शिकविता येणार नाही, ही अडचण न्यायालयाने दाखवून दिली. अध्यापकास एक हजार डॉलर नुकसानभरपाई आणि पाचशे डॉलर दंडात्मक भरपाई मिळाली.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. परंतु नोकरीच्या करारान्वये, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. प्राध्यापकाचे टिपण ‘नोकरीच्या ओघात’ येते काय, हे त्याच्या नेमणुकीच्या अटींवर अवलंबून राहते. मुक्त विद्यापीठांनी हा संदेह आरंभीच दूर केला. १९६९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अभ्याससाहित्य एका अध्यापकाचे नसून अभ्यासगटाचे असे. आपल्याकडे १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही अनेक लेखक व संपादक यांच्या सहकार्याने मराठीत पाठ्यपुस्तके सिद्ध केली. साहित्य सामूहिक झाले की मालकीचा तंटा आपोआप कमी होतो.

७

किमतीचा प्रश्न आपल्या देशात विशेष तीव्र का होतो, हे विद्यापीठांच्या घडणीवरून समजते. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होते : शिकवावे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यावी विद्यापीठाने. अशा व्यवस्थेत एका वर्गापुरता नव्हे, तर शेकडो मैलांवरील सर्व संलग्न महाविद्यालयांपुरता अभ्यासक्रम एक असतो. नेमलेल्या पुस्तकास हमखास गिऱ्हाईक मिळते, आणि नेमलेल्या पुस्तकावरील टिपांना तर मूळ पुस्तकाहून अधिक. मुंबईच्या एका शैक्षणिक प्रकाशकाविरुद्ध मॅकमिलन कंपनीने चालविलेला खटला १९२३ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. वाद प्लूटार्कच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातील अलेक्झांडरच्या चरित्राच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या आवृत्तीविषयी होता. निवडून एकत्र केलेल्या मूळ मजकुरात कंपनीचा हक्क नाही, मात्र टिपांमध्ये आहे, असा निर्णय झाला. महाराष्ट्रातील ‘नोट्स’, ‘गाईड’ आणि ‘अपेक्षित’ यांच्या विशाल बाजाराचे मर्म या निर्णयात सापडते. विकला जातो तो ग्रंथ नव्हे. परीक्षेच्या वाटेवरील दिवा विकला जातो.

या पार्श्वभूमीवर दिल्ली विद्यापीठाच्या खटल्याचे महत्त्व ध्यानात येईल. तेथील अध्यापक अभ्यासक्रमात नेमलेले निरनिराळ्या ग्रंथांतील उतारे निवडून देत, आणि विद्यापीठाच्या आवारातील परवानाधारक छायाप्रतीचे दुकान त्यांचे संच करून विद्यार्थ्यांस देई. तीन परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली त्याविरुद्ध दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरात तो फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने, शिक्षणाच्या प्रयोजनास आवश्यक एवढ्या प्रती काढण्यास कायद्याचे बावन्नावे कलम मुभा देते, हे तत्त्व मान्य केले व नेमलेला मजकूर त्या प्रयोजनास आवश्यक होता काय एवढ्याच मुद्द्यावर चौकशी व्हावी असे ठरविले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या खटल्याची चर्चा स्वामित्वहक्काच्या मर्यादेच्या दृष्टीने पुष्कळ झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दुकानाचा दर विद्यापीठाने परवान्यातच बांधून दिला होता : पृष्ठास चाळीस पैसे. विद्यापीठाचा परवाना, अध्यापकाने निश्चित केलेला मजकूर, आणि विद्यापीठाने ठरविलेला दर. या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे १३०४ मधील पॅरिसची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सातशे वर्षांनंतर, बहुधा नकळत, जुनीच व्यवस्था पुन्हा उभी राहिली होती.

८

आता विवेचनाचा समारोप करावयास हरकत नाही. अध्यापकाच्या साहित्यावर अध्यापकाचा हक्क असावा, ही गोष्ट इतिहासाने योग्य ठरविली आहे. तो हक्क नसता तर त्याला आपला विषय घेऊन अन्यत्र जाता आले नसते, आणि त्याच्या नावावर अशुद्ध टिपणे खपली असती. पण हक्क हे विक्रीचे समर्थन होऊ शकत नाही. बाजारातील गिऱ्हाईक नको असलेली वस्तू नाकारू शकते. विद्यार्थ्याला ते स्वातंत्र्य नसते. विकणारा त्याची उत्तरपत्रिका तपासणार असतो, किंवा निदान तसे विद्यार्थ्यास वाटत असते. आणि व्यवहार दूषित होण्यास तेवढे वाटणेही पुरेसे असते. पुस्तक सक्तीचे आहे असे कोणी म्हटले नाही तरी विद्यार्थी ते घेतोच. अॅबरनेथीविरुद्ध वेकलीने मांडलेला हाच मुद्दा न्यायालयात अनुत्तरित राहिला होता.

अलीकडे काही ठिकाणी त्याची दखल घेण्यात आली आहे. अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनेने २००४ साली निवेदन काढून, अध्यापकास स्वतःचे पुस्तक नेमण्याचे स्वातंत्र्य आहे असे मान्य करतानाच, त्यातून उद्भवणाऱ्या हितसंबंधांच्या संघर्षाकडे लक्ष वेधले. २००८ च्या तेथील कायद्याने नेमलेल्या पुस्तकांच्या किमती वर्गनोंदणीच्या वेळीच जाहीर करणे महाविद्यालयांस बंधनकारक केले. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने २००१ साली आपल्या अध्यापकांचे अभ्याससाहित्य सर्व जगास विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. अध्यापकांचा सहभाग ऐच्छिक होता आणि मालकी त्यांच्याकडेच राहिली. भारतातही तंत्रविज्ञान संस्थांनी २००३ पासून याच दिशेने कार्य केले आहे. मालकी कायम ठेवून किंमत शून्यावर आणता येते, हे या उदाहरणांनी सिद्ध केले. दोन्ही प्रश्न निरनिराळे आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

सर्वच साहित्य विनामूल्य देणे प्रत्येक विद्यापीठास शक्य होईल असे नाही. लेखन, मुद्रण व संपादन यांस खर्च येतो आणि तो कोणी तरी सोसावा लागतो. परंतु जुन्या नियमांत जे शहाणपण होते ते आजही अंगीकारता येण्याजोगे आहे. आपल्या पुस्तकाची नेमणूक लेखकाने स्वतः न करता सहकाऱ्यांनी करावी. त्याची किंमत विभागाने ठरवावी व सूचनाफलकावर लावावी. मजकूर दुसऱ्या जाणत्याने तपासलेला असावा. एक तरी प्रत ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवलेली असावी. आणि लेखकाने स्वतःच्या वर्गातील विक्रीवरील मानधन सोडून द्यावे किंवा विद्यार्थिनिधीस द्यावे. व्हेर्चेलीच्या करारात, पॅरिसच्या यादीत आणि बोलोन्याच्या परीक्षकांत यांतील पहिल्या चारही गोष्टींचे बीज आहे. पाचवी आपल्या काळाने घालावयाची आहे.

मध्ययुगीन विद्यापीठाला स्वामित्वहक्क हा शब्द ठाऊक नव्हता. पण आपल्या छत्राखाली शिकणाऱ्या मुलाने प्रतीसाठी किती द्यावे, आणि त्या बदल्यात त्याला शुद्ध प्रत मिळते की नाही, हे पाहणे आपले काम आहे, याची त्याला पक्की जाणीव होती. न्यायालयाने हक्क दिला म्हणून विद्यापीठाची ती जबाबदारी संपलेली नाही.